न चमकलेल्या बारा कुंड्या

आमच्या विभागाचं काम प्रथिनांना दिवे लावण्याचं आहे. रोपाच्या एकेका पेशीत हजारो प्रथिनं असतात आणि त्यांतलं एकही आपण कोण ते सांगत नाही. म्हणून ज्या प्रथिनात आपल्याला रस आहे, त्याच्या जनुकाला मागून चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडायचं आणि ही जोडगोळी रोपात सोडायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली पानावर निळा प्रकाश टाकला की जिथे हिरवं चमकेल तिथे आपलं प्रथिन आहे, असं समजायचं. 'समजायचं' हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे.

माझं प्रथिन तहानेचं होतं. त्याच्या जोरावर रोप थोड्या पाण्यात निभावून नेईल, असा माझा दोन वर्षांचा दावा होता. चोवीस कुंड्या तयार झाल्या. बारांमध्ये दिवा जोडलेलं प्रथिन, त्या 'क'. उरलेल्या बारांमध्ये तुलनेसाठी नुसता दिवा, त्या 'ख'. दोन महिन्यांनी आढावा समिती येणार होती. पान चमकलं नाही तर माझी नेमणूक संपणार होती. तसं पत्र टाइप होऊन तयार होतं. त्यात 'खेदपूर्वक' हा शब्दही होता, फक्त तारखेची जागा रिकामी होती.

रेणूच्या शेपटीला दिवा लावणाऱ्या मला आता चोवीस कुंड्यांवर एकेक अक्षर लिहायचं होतं. ते मी मार्करने लिहिलं. हा मार्कर पाण्याने पुसला जातो असं मार्करवरच छापलं होतं. पण लेबलं दुसऱ्यांनी वाचायची असतात, असा माझा समज असावा. हरितगृहाच्या माळीकाकांनी तीन आठवडे इमानेइतबारे पाणी घातलं आणि चोवीसही कुंड्या अंघोळ घातल्यासारख्या स्वच्छ झाल्या.

मी प्रत्येक कुंडीतलं एक पान तपासलं. बारा चमकली, बारा चमकली नाहीत. खरं तर दिवा दोन्हींत होता, तेव्हा चोवीसही चमकायला हवी होती. ही शंका माझ्या मनात आली होती, हे मी शपथेवर सांगते. पण तेवढ्यात आमचे विभागप्रमुख सर मागे येऊन उभे राहिले आणि हा फोटो किती मोठा छापता येईल ते विचारू लागले. मी म्हटलं, चमकतात त्या 'क'. शंका आली तशी, न बसताच निघून गेली.

प्रवेशद्वाराशी हिरव्या पानाचं दाराएवढं पोस्टर लागलं. खाली माझं नाव होतं, पण ते वाचायला गुडघे टेकावे लागत.

मार्कर पुसल्याचं मी सरांना ओझरतं सांगितलं; त्यानंतर मी काय केलं तेवढं सांगायचं राहिलं. सरांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि मला लेबल समितीची सदस्य-सचिव नेमलं. मी मुळात काटेकोर. चार दिवसांत अकरा पानांची नियमावली झाली. नियम चार : इमारतीतल्या प्रत्येक वस्तूला लेबल असावं. नियम सात : कुंडीची ओळख केवळ तिच्या लेबलवरून पटवावी, रोपाकडे पाहून पटवलेली ओळख ग्राह्य धरू नये. नियम नऊ : लेबल नसलेली सजीव वस्तू महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी भट्टीत नष्ट करावी. नियम दहा : शोभेच्या वस्तूंना वरील नियम लागू नाहीत. आठवड्याभरात तराजूला, बेसिनला, दाराच्या दोन्ही अंगांना लेबलं लागली. लेबलांच्या खोक्यावर 'लेबलं' असं लेबल लागलं. चमकलेल्या बारा कुंड्यांना 'क' मिळालं. न चमकलेल्या बारांवर लेबल वाया घालवण्यात अर्थ नव्हता. त्या पाण्याच्या टाकीमागे गेल्या.

घरी मी हे सगळं आईला अभिमानाने सांगितलं. आमच्या स्वयंपाकघरात एकाच डब्यावर नाव आहे, 'साखर', आणि त्यात माझ्या जन्माआधीपासून मीठ असतं. मी विचारलं, तुला कळतं तरी कसं?

"झाकण उघडून," आई म्हणाली.

मला तिची कीव आली.

समितीच्या आदल्या दिवशी, बुधवारी, माळीकाका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ताई, टाकीमागची तुमची बारा पोरं मरत का नाहीत?"

त्यांनी सव्वीस दिवसांत तिथे थेंबभर पाणी घातलं नव्हतं. आतली चमकणारी मंडळी मात्र जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांना अर्धा तास उशीर झाला तरी माना टाकत. टाकीमागे मी चोरून पाणी घालते, असा त्यांचा संशय होता.

मग मी ती चाचणी केली, जी पहिल्याच दिवशी करायची असते. पानं कुटली आणि त्यांतली प्रथिनं आकारानुसार वेगळी केली. पोस्टरवरच्या पानात नुसता दिवा निघाला. टाकीमागच्या पानात माझं प्रथिन नेमक्या जागी हजर होतं. दिवाही होता, पण त्याची घडी चुकून बसल्यामुळे तो पेटत नव्हता. थोडक्यात, दाराशी 'ख' मिरवत होतं आणि 'क' टाकीमागे तहान मारून उभं होतं.

मी सरांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चमकतं का?"

"नाही सर. पण पाण्याशिवाय जगतं."

"जगणारी रोपं रस्त्याच्या कडेलाही असतात," सर म्हणाले. "समितीला दाखवायचं काय?"

निदान कुंड्या तरी वाचवाव्यात म्हणून मी बारा लेबलं मागायला गेले. भांडारपालाने, जो आता लेबलपालही होता, विचारलं की ओळख कशावरून पटवली. मी म्हटलं, रोपाकडे पाहून. त्याने नियमावलीचं सहावं पान उघडलं, सातव्या नियमावर बोट ठेवलं आणि तेच बोट सरकवत माझ्या सहीपर्यंत नेलं.

"ताई, हे तुम्हीच बंद केलंय."

गुरुवारी समिती आली. तिघांनी पोस्टरसमोर उभं राहून फोटो काढून घेतले. त्यांच्या तक्त्यात एकच प्रश्न होता : चमकतं का, होय किंवा नाही. पण सर्वांत वयस्कर तज्ज्ञांनी तक्ता मिटता मिटता सहज विचारलं, "आणि पाणी कमी दिलं, तर तग धरतं ना हे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. चाचणीचं चित्र माझ्या फायलीत होतं आणि फाइल माझ्या हातात होती. ते न टाइप केलेल्या तारखेचं पत्रही मला दिसत होतं.

"चमक अत्यंत समाधानकारक आहे, सर," मी म्हणाले.

मला तीन वर्षांची मुदतवाढ आणि बढती मिळाली.

शुक्रवारी भट्टीची नोंदवही सहीसाठी माझ्याकडे आली, कारण सदस्य-सचिव मीच. 'बेवारस कुंड्या, नग अकरा.' माळीकाका शेजारी उभे होते. त्यांना बारापर्यंत मोजता येतं हे मला माहीत आहे. त्यांनी पेन पुढे केलं. मी सही केली.

बारावी माझ्या टेबलावर आहे, नियम दहाखाली. तिला लेबल नाही. पाणीही क्वचितच लागतं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. विचारलंच कुणी, तर मी प्लास्टिकची आहे म्हणून सांगते. मागच्या महिन्यात तेच वयस्कर तज्ज्ञ आले होते. त्यांनी पान चिमटीत धरून चोळलं, बोटाला लागलेला हिरवा रस रुमालाला पुसला आणि म्हणाले, "हल्ली किती हुबेहूब बनवतात. खरं रोप इतकं टवटवीत राहिलं असतं का?"

तुम्हीही या कधी. मातीत बोट घालून पाहायला माझी हरकत नाही. पण तुम्ही आधी वाकून कुंडीवर लेबल शोधाल. ते सापडलं नाही की माझ्या छातीवरचं वाचाल. तिथे ठळक अक्षरांत 'वरिष्ठ संशोधक' असं लिहिलं आहे. मग मी म्हणेन, प्लास्टिकचं आहे. आणि तुम्ही मान डोलवून, बोट न घालताच, पोस्टर पाहायला जाल.