दगडूतात्या आणि दिंद्रुडचा सेट

दगडूतात्या कुणाच्याही घरी गेले की माणसांना राम राम करण्याआधी टीव्हीच्या मागे डोकावतात. यजमान हात जोडून उभा, आत चहा उकळतोय आणि पाहुण्याचं अर्धं अंग शोकेसच्या फटीत. तिथूनच आवाज येतो, "अरारारा! कुणी जोडलं हे?" मग यजमान चहा बघायला आत सटकतो, कारण बहुतेक वेळा ते त्यानेच जोडलेलं असतं.

पाटोद्याच्या बाजारात तात्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आणि त्याला लागून माझं कापडाचं. मधली भिंत नावापुरती. होम थिएटरचा जो डबा छातीत दणका देतो त्याला आमच्याकडे बफर म्हणतात. तात्यांनी बफर चालू केला की माझ्या फळीवरची लुगडी घडी मोडून गिऱ्हाइकाच्या अंगावर येतात. मी तक्रार करत नाही. तेवढंच एखादं विकलं जातं.

होम थिएटर जोडणं हे विजेचं काम आहे असं तुम्ही म्हणालात तर तात्या तुम्हाला दुकानात उभं करणार नाहीत. त्यांच्या मते ते लग्न जुळवायचं काम आहे. "आधी सोयरीक बघा!" हे त्यांचं पालुपद. डब्यावर जिथे 'आऊट' लिहिलंय ते माहेर, जिथे 'इन' लिहिलंय ते सासर. "वायर माहेराहून निघती अन् सासरी जाती. तुमी आऊटला आऊट जोडलं. दोनी बाजूला माहेरच! आता संसार कोन करनार?" लाल पिन लाल खाचेत, पांढरी पांढऱ्यात, "ह्यात तर पत्रिका बघायचीबी गरज न्हाई."

एचडीएमआय वायरीवर मात्र त्यांचा खास जीव. टीव्हीला तसल्या दोन-तीन खाचा असतात, दिसायला सगळ्या सारख्या. पण एकीच्याच खाली बारीक अक्षरात एआरसी लिहिलेलं असतं. वायर तिथे लागली तर चित्र टीव्हीत जातं आणि टीव्हीचा आवाज त्याच वायरीने उलटा होम थिएटरमध्ये येतो. शेजारच्या खाचेत लागली तर चित्र झकास आणि होम थिएटर मुकं. निम्म्या तालुक्याचे सेट याच एका चुकीपायी मुके असतात, असं तात्या अभिमानाने सांगतात.

माझ्या पुतण्यासाठी आम्ही शिरूर कासारला मुलगी बघायला गेलो होतो. तात्यांना वडीलधारे म्हणून नेलं होतं. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, सगळे सावरून बसले आणि तात्या दिसेनात. ते टीव्हीच्या मागे. मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला. तेवढ्यात तात्या जाळी झटकत बाहेर आले आणि म्हणाले, "डावा आवाज उजवीकडून येत होता. आता संसार नीट हाय. बोला, पोरीला काय इचारायचं ते." मुलगी खुदकन हसली, पुतण्याही हसला आणि लग्न तिथेच ठरलं. ते लग्न आपणच जमवलं असं तात्या आजही समजतात, आणि खरं सांगायचं तर मीही तसंच समजतो.

एकदा एका पुढाऱ्याच्या बंगल्यावरून फोन आला, "सायबांच्या नव्या सेटला चित्र हाय, पण आवाज न्हाई." तात्या म्हणाले, "सायबांच्या घरात आवाज न्हाई? आसं कसं हुईल बे?" गेले, वायर बदलली आणि साहेबांना त्यांचंच मागच्या सभेतलं भाषण मोठ्या आवाजात ऐकवून आले.

या सगळ्यांपेक्षा तात्यांचा मोठा गर्व म्हणजे, "आपला हात लागला की परत फेरा न्हाई." म्हणजे एकदा जोडलेल्या सेटसाठी त्यांना कधीच पुन्हा बोलावावं लागत नाही. ही फुशारकी नव्हे. बाहेरगावचे पाहुणे आले की मीच त्यांना तात्यांच्या दुकानात नेतो आणि हे सांगताना माझी छाती फुगते.

या गर्वाला तडा गेला तो दिंद्रुडला.

तात्यांची एकुलती एक लेक मनीषा. आई लवकर गेली, त्यामुळे पोर दुकानातच वाढली. दोन वर्षांपूर्वी ती दिंद्रुडला दिली. लग्नात तात्यांनी होम थिएटर दिलं आणि स्वतः जाऊन जोडलं. थोड्याच दिवसांत फोन आला, "पप्पा, आवाज गेला." तात्या गेले, जोडून आले. पुन्हा फोन. पुन्हा गेले. बाजारात लोक विचारू लागले, "काय तात्या, आज दिंद्रुडला का?" तात्या चिडायचे. जेवण कमी झालं. आयुष्यभराचं नाव स्वतःच्या लेकीच्या घरात जाणार, याची त्यांना धास्ती बसली होती.

पुढचा फोन आला तेव्हा मला मालासाठी माजलगावला जायचंच होतं. म्हटलं, चला गाडीतून.

मनीषाच्या सासऱ्यांनी दारातच हसून घेतलं. "इवाई, पाटोद्यात लई नाव हाय म्हनं तुमचं. मंग आमच्याच घरी कावून घोळ हुतोय?"

तात्या थेट टीव्हीच्या मागे गेले. मनीषाने मला पाणी दिलं. तात्यांना दिलं नाही, कारण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही चाल तात्या अजून पाळतात. पाण्याची बाटली ते सोबत आणतात. घोटभर पाण्याचंसुद्धा निमित्त नसलेल्या घरी बापाने काय सांगून यायचं?

तात्या बराच वेळ मागेच होते. मग बाहेर आले, सासऱ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझीच हाय, इवाई. नजर कमी झाली. वायर शेजारच्या खाचंत लागली हुती."

या माणसाने आपली चूक कबूल केलेली मी कधी ऐकली नव्हती.

"आता तासभर सेट चालू ठिवून बघावं लागंल," तात्या म्हणाले. इतरांकडे ते पाच मिनिटांत उठतात. इथे तासभर ओट्यावर बसले. मनीषा शेजारी शेंगा फोडत बसली. आत टीव्ही कुणी बघत नसतानाही चालू होता.

निघताना मनीषा सासूच्या आडून म्हणाली, "पप्पा, परत बिघडलं तर?"

"तर यीन की," तात्या म्हणाले. "म्हातारा हात हाय. बिघडायचंच."

गाडी बीडच्या रस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, "तात्या, तुमच्याकडून खाच चुकली हे मला पटत नाही."

तात्या खिडकीबाहेर बघत होते. "वायर काय आपल्या पायानं ह्या खाचंतून त्या खाचंत जाती का, भाऊ?"

"मग आधीच्या वेळी कळलं नाही?"

"तवा रागात हुतो. आज नीट बघितलं."

"मग सांगायचं ना त्यांना. सगळ्यांसमोर नाव घालवलंत."

"पोरीचं नाव सांगू?" तात्या एवढंच म्हणाले. मग त्यांनी मान मागे सीटला टेकली. मला वाटलं, झोप लागली. पण ते जागे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता इतका गर्व त्यांच्या तोंडावर होता.

"पन भाऊ," ते म्हणाले, "काढली किती सफाईनं हुती, बघितलं का तुमी? वायरीला हिसका न्हाई, पिन वाकडी न्हाई, खाचंला एक वरखडा न्हाई. आख्ख्या पाटोद्यात आशी वायर कुनाला काढता येत न्हाई."