खुंटीची कावीळ

टाचांना भेगा पडल्या की तात्या एकाच पायाला औषध लावत. दुसरा तसाच कोरडा ठेवत आणि एक पाय तेलकट, एक पांढराफटक, असे आठवडाभर डहाणूच्या रस्त्यांवरून लंगडत फिरत. कुणी विचारलंच तर म्हणत, "हा औषधाचा. तो साक्षीदार."

तात्या आमचे शेजारी, चिकूच्या वाडीचे मालक. मी गावात नव्यानेच आलेला शाळामास्तर. अडुळशाच्या काढ्याने आठ दिवसांत खोकला गेला असं कुणी म्हणालं, की तात्यांचा प्रश्न ठरलेला, "आणि दुसऱ्या पायाचं काय?" म्हणजे काढा न घेता किती दिवसांत गेला असता? हेच ते इंजेक्शनबद्दल डॉक्टरांनाही विचारत, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खात. झाडपाल्याचं औषध आहे, अपाय तर होणार नाही, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "का? कण्हेर काय कारखान्यात बनते?"

वाडीतही तोच खाक्या. सरकारी रासायनिक खत तेव्हा नवंनवं आलेलं. एका चिकूला ते, शेजारच्याला सुक्या मासळीचा चुरा, तिसरा उपाशी. मासळीवाला चिकू मेला. तात्यांनीच हौसेने त्याच्या बुंध्याशी टोपल्या ओतल्या होत्या. "नैसर्गिक मरण आलं बिचाऱ्याला," म्हणाले.

एकदा मुंबईचे पाहुणे हवापालटाला आले आणि चुलीवरच्या साध्या, शुद्ध जगण्याचं कौतुक करू लागले. तात्यांनी त्यांच्या हाती फुंकणी दिली आणि ओली लाकडं पुढे सारली. पाव तासाने पाहुणे डोळे पुसत बाहेर आले आणि स्टोव्ह कुठे मिळतो ते विचारू लागले.

या सगळ्याला मीही हसायचो. पण माझ्या आईला कावीळ झाली तेव्हा मला त्यांचा खरोखर संताप आला.

आईने वाणगावच्या बाजारातून काविळीची माळ आणवली होती. औषधी मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात ओवलेली ही माळ आधी टाळूवर बसते. मग दिवसागणिक लांबत गळ्यात येते, छातीवर येते. माळ उतरली की कावीळ उतरली, अशी समजूत. आईचे डोळे हळदीसारखे झाले होते, अन्न जात नव्हतं, तरी ती दवाखान्याचं नाव काढू देईना. "उतरतेय बघ," म्हणायची.

तात्यांनी त्याच माळवाल्याकडून दुसरी माळ आणली आणि आईच्या खाटेसमोरच्या खुंटीला अडकवली.

"तात्या, माणूस आजारी आहे आणि तुम्हाला थट्टा सुचते?" मी ओरडलो.

"तीन दिवस थांब," ते म्हणाले. "नाही, दोनच. जास्त नको."

दोन दिवसांत खुंटीवरची माळ चांगली वीतभर खाली आली.

"वहिनी," तात्या म्हणाले, "खुंटीलाही कावीळ झाली होती. उतरतेय."

आईने खुंटीकडे आणि आपल्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं. मग हसली आणि मला म्हणाली, "टांगा बोलाव."

पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. मुंबईला नेऊन ऑपरेशन झालं. आणखी आठवडा गेला असता तर कठीण होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

आई घरी आल्यावर मी पेढे घेऊन तात्यांकडे गेलो. ते आतल्या खोलीत होते. तिथे भिंतीवर एक माळ लोंबत होती, वाळून काळी पडलेली, जवळजवळ जमिनीला टेकलेली.

"ही कुठल्या खुंटीची?" मी थट्टेने विचारलं.

"तुझ्या काकूची."

तात्यांच्या पत्नी, काकू, मी गावात येण्याआधीच गेल्या होत्या. कशाने, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"रोज बघायचो," तात्या म्हणाले. "पोटापर्यंत आली तेव्हा आळीत साखर वाटली. तिसऱ्या दिवशी ती गेली."

मला माझ्या थट्टेची लाज वाटली. तात्यांनी हाताने माळ सरळ केली, मग तिच्या शेजारच्या खुंटीवर बोट ठेवलं.

"ही तेव्हाही इथेच होती रे. रिकामी."