साळवेमामांचे घोडे

शहागंजातल्या सोनाराकडं लोक मंगळसूत्र घडवायला जातात; आमचे साळवेमामा पिस्टन जोखायला जायचे. मऊ फडक्यात गुंडाळलेले चार पिस्टन ते काचेच्या टेबलावर लेकरं निजवावीत तसे मांडायचे. सोनार कपाळाला हात लावायचा. "अरे मामा, ये सोने का काँटा है, लोहे का नहीं!"

"लोखंड कोण म्हणालं? ॲल्युमिनियम हाय," मामा शांतपणे सांगायचे. मग एखादा पिस्टन गुंजभर जड निघायचा. मामा तिथंच मांडी घालून त्याला आतून पॉलिश पेपरनं घासत बसायचे आणि दागिने घ्यायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहायच्या. चौघांचं वजन एक नसलं तर इंजिन थरथरतं आणि थरथरीत जोर वाया जातो, हे मामांनी त्या बायांनासुद्धा समजावून सांगितलं होतं.

मामा चिकलठाण्यात आमच्या कारखान्याचे मेंटेनन्स फोरमन. मी तिथलाच स्टोअरकीपर, मूळचा करमाडचा पाटील, आणि मुकुंदवाडीत त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. तेव्हा जालना रोडला बघावं तिकडं नवी शेड उभी राहत होती. त्यातल्या कितीतरी शेडच्या पायातली खडी मामांच्या आईनं, गयाबाईंनी, डोक्यावर वाहिलेली. त्या मजुरीवर मामा शिकले. लग्न मात्र त्यांनी केलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायचे, "दोन सीटच्या गाडीत संसार मावत नाय."

ही दोन सीटची गाडी विलायती, शर्यतीची, बिनछपराची. एका जहागीरदाराच्या पडवीत पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मामांनी ती भंगारात आणली, इंजिन खिळा न् खिळा सुटं केलं आणि पुन्हा बांधलं. पहिल्यांदा गाडी गुरगुरली तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांचं तोंड मात्र कडू कारलं खाल्ल्यासारखं.

"घोडे कमी हायत," ते म्हणाले.

हॉर्सपॉवर हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हताच. घोडेच. "आत हायत पाटील, पण बाहेर यायला लाजत्यात." दौलताबादचा घाट टॉप गिअरमध्ये, गिअर न पाडता चढायचा, एवढा एकच ध्यास. तो चढला म्हणजे सगळे घोडे बाहेर आले.

बापरे, मग काय काय केलं त्या माणसानं! आतला दाब वाढावा म्हणून हेड घासून घेतलं. हवा आत जायच्या वाटा आरशासारख्या चकचकीत केल्या. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडाशी आळीपाळीनं धरून डोळे मिटून बसायचे. "श्श! डाव्याला दम लागतोय." दर रविवारी घाटात चाचणी आणि शेजारच्या सीटवर मी. कशाला? तर वजनाला. "तुमच्यासारखा भरदार माणूस पोत्यापेक्षा बरा पडतो." आणि दर रविवारी घाटाच्या त्याच वळणावर इंजिन मान टाकायचं. अशी वर्षं गेली हो!

गयाबाई त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. "छप्पर नाय ती गाडी कसली? टोपलं हाय ते!" त्यांना तरी कुठं सवड होती? विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चा असला की ही बाई पहिल्या रांगेत. तुरुंगात जाऊन आली. गुडघ्यावर लाठी खाल्ली, तो गुडघा कायमचा गेला. माझ्या करमाडच्या भावकीत या नामांतरावरून लोक तावातावानं वाकडं बोलायचे. मी घरी येऊन या म्हातारीच्या हातचा चहा प्यायचो आणि मला आमच्याच लोकांचा राग यायचा.

शेवटी मामांनी व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्टच नवा घासून घेतला. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहिले की इंजिन छाती भरून हवा घेतं. त्या रविवारी घाटाला लागलो आणि ते वळण कधी मागं पडलं कळलंच नाही. आवाज असा की पाठीचा कणा झणझणला. वर पोचल्यावर मामा बॉनेटला हात लावून नुसते उभे राहिले. मी तर त्यांच्या पायाच पडणार होतो. हा माणूस कसला, जादूगार!

आणि त्याच महिन्यात नामांतर झालं. मुकुंदवाडीत गुलाल उधळला. गयाबाई ढसाढसा रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "मिरवणुकीत मी विद्यापीठाच्या गेटापर्यंत जाणार. माझ्या बायांबरोबर. त्या चालतील तशी. पुढं बी नको, मागं बी नको. रिक्षात बसून पुढं गेले, तर ते जाणं नाय."

चालणं तर शक्यच नव्हतं. मामा म्हणाले, "माझ्या गाडीत चल."

"टोपल्यात? बरं, चल. छप्पर नाय तर नाय, बायांना दिसंन तरी मी."

गयाबाई आत पोळ्या लाटत होत्या तेव्हा मामांनी मला शेजारी बसवून गाडी गल्लीत बाहेर काढली. माणसाच्या चालीनं चालवून बघितली. छे! गाडीनं दोन आचके दिले, खोकली, बंद पडली. पुन्हा तेच. पळायला शिकलेलं इंजिन हळू चालायचं पार विसरलं होतं. चौथ्यांदा बंद पडल्यावर मामांनी किल्ली काढून खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. बघतो तर इंजिन उघडं आणि मामा जुना, मूळचा कॅमशाफ्ट परत बसवत होते. हेडखाली एकावर एक दोन गास्केटं, म्हणजे दाबही कमी.

"मामा, डोकं फिरलं काय? एवढ्या वर्षांची मेहनत!" मी ओरडलोच.

"घोड्यांचं काय," ते मान वर न करता म्हणाले. "तो पाना द्या."

मिरवणुकीच्या दिवशी क्रांती चौकातून बाया निघाल्या आणि त्यांच्या मधोमध गाडी. गयाबाई पांढऱ्या लुगड्यात, एक हात बाहेर, आणि तो हात शेजारून चालणाऱ्या बाईच्या हातात. मी दुसऱ्या बाजूनं चालत होतो. कुणी म्हातारी दम खायला थांबली की गाडी थांबायची, ती निघाली की निघायची. एक आचका नाही. घाटात थक्क झालो होतो, पण हे त्याहून भारी. मामांचं लक्ष ना काट्यांवर, ना इंजिनच्या आवाजावर. समोरच्या बायांच्या पायांवर.

गेट दिसायला लागलं. आजूबाजूच्या पोरांच्या फटफट्या भर्रकन पुढं गेल्या. गयाबाईंनी त्या बघितल्या, मग लेकाकडं बघितलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"लई खपलास रे तिच्यासाठी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण पळंना बाबा तुझी गाडी."

एका घोड्याचा हिशेब चुकला तरी भांडायला उठणारा तो माणूस.

"नाय पळत, आई," मामा म्हणाले. "एवढाच जोर हाय तिच्यात."