पुढे गेलेला कोट

मोटारसायकल चालवायला शाळा लागत नाही, कंबर लागते. शाळा मी दुसरीत सोडली, कंबर अजून जागेवर आहे. यांच्या गॅरेजात जन्म गेला माझा. कार्ब्युरेटर मी कांद्यासारखा सोलते.

हे गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, बाबांची गाडी विकून टाकू. नुसती गंजतेय."

"गंजलीय तुझी अक्कल," मी म्हटलं. "घाट ओलांडून तुझ्या मावशीकडे एकटी जाऊन दाखवते. पोहोचले तर गाडीला हात लावायचा नाही."

"आणि सोबत घ्यावी लागली तर?"

"तर खुशाल वीक."

सून ओट्यापाशी भाजी चिरत होती. बोलली काहीच नाही. ती कधीच काही बोलत नाही, तेच मला टोचतं.

सकाळी निघाले तर धुकं इतकं, की माझंच पुढचं चाक मला परकं वाटू लागलं. पहिल्या पंपावर पंपवाला धावतच आला. "या आजी. मागच्या चाकात हवा टिकत नाही ना? बघतो."

"तुला कोण बोललं?"

"आत्ता पुढे गेले ते. तपकिरी कोटवाले. हेल्मेटसुद्धा काढलं नाही, आतूनच पुटपुटले."

असेल कोणी चोंबडा, म्हणून मी किक मारली.

घाटाखालच्या टपरीवर मी टेकायच्या आत टपरीवालीने बिनसाखरेचा चहा पुढे केला. "स्टुलावर नको, आजी, बाकावर बसा. गुडघा धरतो ना तुमचा?"

"माझा गुडघा तुला काय माहीत?"

"कोटवाले सांगून गेले. कोपराला ठिगळ होतं बघा, लाल दोऱ्याचं."

चहाचा ग्लास मी बाकावर ठेवून दिला. तपकिरी दोरा संपला होता म्हणून ते ठिगळ मीच लाल दोऱ्याने शिवलं होतं, आणि त्यावरून हे शेवटपर्यंत कुरकुरले. तो कोट हे गेल्यावर मी घडी करून माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवला होता.

घाटात वारा पडला. पाखरू ओरडेना. वळणावळणाला वाटायचं, पुढे कोणीतरी थांबलंय आणि मी जवळ आले की निघतंय. गाडी न्यायला आलेत की मला? गाडी असेल तर भांडता तरी येईल.

घाटमाथ्यावर रस्ता फुटतो. तिथे दिसला कोट. खाली गाडी नाही, पाय नाहीत, नुसता धुक्यात तरंगत होता. बाही हळूच उचलली आणि डावीकडे दाखवली.

आता ऐका. यांनी जन्मात कधी बरोबर रस्ता दाखवला नाही. मला माहेरी सोडायला निघाले आणि भलत्याच गावात उतरवून आले. मी उजवीकडे वळले. पाटी होती, पण अक्षरं जुळवेपर्यंत ती मागे पडली.

रस्ता संपला तो दगडाच्या खाणीत. माणूस नाही. नुसतं एक पिवळं यंत्र मान टाकून उभं, आणि माझ्याच इंजिनाचा आवाज चारी भिंतींवरून परत येत होता. चाक चिखलात रुतलं, इंजिन बंद पडलं. तरी आवाज येतच राहिला. मागून. जवळ.

वळून बघते तर कोट.

"अहो, मी येणार नाही!" मी हँडल गच्च धरून ओरडले. "गाडीही देणार नाही. माझ्यावाचून घर अडलंय म्हणून नव्हे हो. ती पोर घर माझ्यापेक्षा बरं बघते. हाताला चवही माझ्यापेक्षा जास्त आहे. पण तिला सांगू नका, डोक्यावर बसेल. मला अजून गाडी चालवायचीय, एवढंच."

कोट उभाच. मग त्याने हेल्मेट काढलं.

"आई," सून म्हणाली, "डावीकडे हात केला होता ना मी?"

मागे तिची स्कूटर फटफटत होती. नवऱ्याला माहेरी जाते म्हणून सांगून निघाली होती. थंडी वाजेल म्हणून कोट घेतला, म्हणे.

दोघींनी गाडी ढकलून काढली. बहिणीच्या दाराशी मात्र मी एकटीच पोहोचले. सून कोपऱ्यावर थांबली. मुलाचा फोन आला.

"एकटी गेलीस?"

"मग काय वरात घेऊन?"

गाडी राहिली. पण सुनेला वाचा फुटली. सगळे जेवायला बसले की विचारते, "भाजी कशी झालीय, आई?"

"बरी आहे."

मग ती खुंटीवरच्या कोटाकडे बघून म्हणते, "बाबांना तर वेगळंच सांगितलं होतंत."

मी गुपचूप आणखी वाढून घेते.