दोनशे पानांचा होकार

तीर्थपुरीच्या रामरावांनी तीनदा विचारलं, "मास्तर, पोरगी पसंत हाय का?" आणि तिन्ही वेळा भुजंगमास्तर पोह्यांच्या ताटलीकडे बघत बसला. रामरावांची लेक उमा इतकी आवडली होती की त्याची जीभच टाळ्याला चिकटली. रामरावांना वाटलं, पाहुणा नाराज आहे. "हा रविवार सोडून पुढच्या रविवारपर्यंत कळवा," ते म्हणाले. "न्हाईतर दुसरं स्थळ तयार हाय."

मस्तगडला घरी आल्यावर आई द्वारकाबाई म्हणाल्या, "आता दोन ओळींचं पत्र तरी टाक, बाबा."

पण भुजंग पडला चित्रकलेचा मास्तर. टॉकीजमध्ये मोठ्या सिनेमाआधी त्यानं नुकताच एक चितारलेला छोटा सिनेमा बघितला होता. त्यात घाबरलेल्या मांजराचे डोळे वाटीएवढे बाहेर यायचे, पाय शेवयांसारखे लुळे पडायचे. तेव्हापासून गडी पेटला होता. मनात जे होतं, ते अंगावर दिसलं पाहिजे! नुसतं 'पसंत' लिहून काय कळणार, डोंबल?

त्यानं दोनशे पानांची छोटी, जाड वही शिवली. प्रत्येक पानाच्या एका बाजूला स्वतःचं चित्र, आधीच्यापेक्षा जरासं निराळं. अंगठ्यानं पानं भराभर सोडली की चित्र हलायचं. भुजंग ताटली घेतो, वर बघतो, डोळे लिंबाएवढे फुगतात, मान लांबच लांब होते, गुडघे वितळतात आणि शेवटी जमिनीवर त्याचं डबकं होतं. मागे खांब आणि छप्पर गरागरा फिरतंच आहे.

"हो म्हनायला एक शब्द लागतो," द्वारकाबाई म्हणाल्या, "आन् तू दोनशे पानं काढून राह्यला."

"आई, एका शब्दात एवढं मावतं का? मला बराबर असंच झाल्तं."

वही टपालानं गेली. सोबत चिठ्ठी होती: 'त्या दिवशी मी बोललो नाही, कारण मला हे असे झाले होते.' उत्साहाच्या भरात 'पसंत' हा शब्द लिहायचा राहूनच गेला.

ठरल्या रविवारी सकाळी रामराव दारात हजर, हातात ती वही आणि सोबत गावचे वैद्य रखमाजी.

"पोरगा इमानदार हाय, बाई," रामराव टेकत म्हणाले. "आपला आजार आपन होऊन कळवला. पन फेफरं येनाऱ्याला लेक द्यायची कशी? वैद्यबुवा बरं व्हईल म्हन्ले तर बघू. न्हाईतर दुसऱ्या स्थळाला आजच हो म्हनतो."

भुजंग पुढं सरसावला. "मामा, फेफरं न्हाई हो ते," एवढं म्हणेपर्यंत वैद्यांनी नाडी धरलीच. ती घोड्यासारखी उधळलेली.

"भूक लागती?"

"न्हाई."

"झोप?"

"न्हाई."

"आत्ता काय होऊन राह्यलं?"

"वहीत हाय तेच," भुजंग खरं ते बोलला. रामरावांनी सुस्कारा सोडला.

"बघू ती वही," वैद्य म्हणाले. रखमाजी डावखुरे. त्यांनी पानं डाव्या अंगठ्यानं सोडली, तशी कोरी असायला हवी ती पाठची बाजू समोर आली आणि ती कोरी नव्हतीच. एक मुलगी पोह्यांची ताटली घेऊन येते. शेजारी फेटा बांधलेले, भरघोस मिशांचे गृहस्थ. मुलगी पाहुण्याकडे बघते, तिचे डोळे ताटलीएवढे होतात, पाय जमिनीवरून सुटतात, पोहे आभाळात उडतात आणि तीही छप्पर फोडून त्यांच्यामागे जाते.

रामरावांनी चित्रातल्या आपल्या मिशा ओळखल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. "ही तर आमची उमी. चार दिवस वही घेऊन बसल्ती. बुवा, हिला बी झालं का हो?"

वैद्यांनी वही एकदा उजवीकडून सोडली, एकदा डावीकडून. मग मिटून ठेवली. "औषध न्हाई याच्यावर. तुमी आपली जल्दी तारीख काढा."

"पन दोघं आजारी एका घरात ठिवले तर वाढल ना हो?"

"पहिलं साल वाढतंय," वैद्य म्हणाले. "मंग किराणा आनायला लागले की उतरतंय आपोआप."