पिवळ्यावर सुटलेला नवरदेव

गंधालीला आपण हरवणार, याबद्दल यज्ञेशच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पैज साधी होती. अंतरपाट पडल्यावर जो आधी हार घालेल, त्याच्या बाजूला घर घ्यायचं. यज्ञेश मुलुंडचा, गंधाली बोरिवलीची, आणि मुलुंड सोडायची कल्पनाही त्याला सहन होत नव्हती.

"ड्रॅग रेस बघतेस का कधी?" लग्नाआधी त्याने तिला विचारलं होतं. मोबाईलवर त्या शर्यती बघून बघून तो स्वतःला तज्ज्ञ समजत होता. "आधी पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. हिरवा बघून जो गाडी सोडतो ना, तो गेला. डोळ्यांना दिसणार, डोक्यात शिरणार, मग पाय हलणार! तोवर समोरचा पुढे. शेवटच्या पिवळ्यावरच सुटायचं असतं."

"आणि हिरव्याच्या आधीच सुटलास तर?"

"तर बाद. पण एवढा येडा कोण असतो?"

अंतरपाट हा हिरवा, हे उघड होतं. पिवळा त्याने मित्रांच्या लग्नांचे व्हिडिओ बघून हुडकला. शेवटच्या 'सावधान'ला गुरुजी वाजंत्रीवाल्यांना हात करतात आणि मग अंतरपाट निघतो. हे मात्र त्याने गंधालीला सांगितलं नाही.

लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली. यज्ञेश टाचा उचलून तयार होता. एक 'सावधान' झालं, दुसरं झालं, आणि गुरुजींनी हात वर केला. यज्ञेश सुटला.

गुरुजींनी हात केला होता गंधालीच्या शुभाआत्याला. स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणायला ती माईक घेऊन नेमकी भाचीच्या पुढ्यात आली, आणि अंतरपाटावरून आलेला हार तिच्या गळ्यात पडला.

हार दिसताच वाजंत्री दणाणली. हॉलभर अक्षता उडाल्या आणि भुकेलेली मंडळी उठून जेवणाकडे निघाली. "अहो, लग्न लागायचंय अजून," गुरुजी सांगत होते, पण माईक आत्याकडे होता.

"दोन मिनिटं धीर नव्हता तुला?" वडील दातओठ खात म्हणाले. यज्ञेशला वर बघवेना. अंतरपाटापलीकडून गंधालीचं खुदखुदणं ऐकू येत होतं, त्याने तर त्याचे कान तापले.

"आत्या, तेवढा हार..." तो पुटपुटला.

"देते की," हार नीट करत आत्या म्हणाली. "आधी माझं अष्टक ऐकायचं. सगळी कडवी."

सगळी कडवी झाली. हार परत मिळाला. खरं 'सावधान' झालं आणि अंतरपाट पडला. पण आता यज्ञेशची हिंमतच होईना. त्याने आधी गुरुजींकडे बघितलं, मग वडिलांकडे, मग वाजंत्रीवाल्यांकडे. ते जेवायला गेले होते. तेवढ्यात त्याच्या गळ्यात हार पडलाही.

"हिरवा लागला रे," गंधाली हळूच म्हणाली.

हल्ली दोघं बोरिवलीत राहतात. सिग्नल हिरवा झाला तरी मागचा हॉर्न वाजवेपर्यंत यज्ञेश गाडी हलवत नाही. मागे कोणी नसेल, तर बायकोकडे बघतो.