गाद्या माहेरी राहिल्या, त्याची हकीकत

श्री. कोठाराची देवता निजलेल्यांस सांभाळो. शके सोळाशे सत्त्याण्णव, निद्रानंद नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी थोर धुके पडले, ते राजकोठारात शिरले आणि त्यास बाहेर काढणे सर्वांच्या जिवावर आले. त्या राज्यात माल पॅलेटवर ठेवीत. पॅलेट म्हणजे लाकडी पाट, वर फळ्या, खाली पोकळी. आणि फोर्कलिफ्ट म्हणोन एक लोखंडी हत्ती होता, तो आपले दोन सुळे पोकळीत घालोन माल उचली आणि आढ्याखालच्या मजल्यावर नेऊन ठेवी. चहू बाजूंनी उघडी पॅलेट असे, तीत हत्ती कोठूनही शिरे. दोनच बाजूंनी उघडी असे, तिचे तोंड हत्तीकडे नसले तर हत्ती नुसता हुंगून परते.

ऐसे असता राजकन्या हंसाराजे यांचे लग्न निघाले. आंदणाच्या गाद्या पाहावयास महाराज आले, मऊ आहेत का म्हणोन बसले, मग कलले, मग निजले. माहूत येसबा यास धुक्यात दिसले नाही, त्याने महाराजांसुद्धा दोन तोंडांची पॅलेट उचलली आणि वर नेऊन ठेवली. मग नारंभट जोशी आले आणि ओरडले, "अरे, पॅलेटचं तोंड दक्षिणेला! महाराज निजलेत आणि यमाला दार सताड उघडं?" मग धाकोजी सुतार शिडीने चढला, दक्षिण तोंडावर फळी ठोकली, आणि उतरता शिडी मोडून काथ्याच्या ढिगात पडला, तेथेच त्यास झोप लागली.

दुसरे तोंड भिंतीकडे, आणि हत्तीची वाट दक्षिणेकडूनच. येसबाने सुळे नेले, ते फळीवर ठक् वाजले. तेवढी उंच दुसरी शिडी कोठारात नव्हती. निजल्या महाराजांस चाकरांनी हाक मारू नये ही रीत. गोरज मुहूर्त तो जवळ आला.

"पॅलेट फिरव की!" दिवाण म्हणाले.

"हात पोचतो का तुमचा? मग फिरवा," येसबा म्हणाला.

"कन्यादानाला चुलत्यांना बसवू," जोशी म्हणाले.

"मग नवरीही चुलत्यांनाच करा," हंसाराजे म्हणाल्या. "आबासाहेबांशिवाय मी उभी राहायची नाही. येसबा, चहू तोंडांची पॅलेट आण. बोहला तिच्यावर मांड."

मग नवरानवरी वर निघाली, धुके पायांखालून वाहू लागले, आणि जोशीबुवा म्हणाले, "दक्षिण उघडी असली तर मी बसणार नाही," म्हणोन ते खालीच राहिले आणि मंगलाष्टके खालून वर धुराप्रमाणे येऊ लागली. हंसाराजे यांणी हाक दिली, "आबासाहेब!"

महाराजांनी डोळे उघडले, भोवती पांढरे पाहिले आणि पुसले, "आम्ही वारलो की काय?"

"नाही हो, माझं लग्न लागतंय. उठा."

महाराजांनी गाद्यांवर बसोनच कन्यादान केले, मग लेकीच्या पॅलेटवर पाय टाकला आणि सर्व मंडळी हळूहळू खाली आली. दिवाणांनी फळी उपटावयास नवी शिडी करविली, आंदण सासरी जावयाचे होते. महाराज बराच वेळ वर पाहत राहिले. मग म्हणाले, "फळी राहू द्या. गाद्या तिकडं गेल्या तर पोर इकडं निजायला कशाला येईल?"

सारांश, गाद्या आढ्याखाली राहिल्या, आणि दर मार्गशीर्षात हंसाराजे येत, येसबा बापलेकीस वर पोचवी, आणि कोणी हाक मारीत नसे.